पोटच्या पोरीचा हेवा

सायखेड्यात धनराज खालकरचं नाव काढलं की माणसं आधी त्याच्या पोरीबद्दल बोलतात. तेजल ट्रॅक्टर चालवते, पिकअप चालवते, मोटारीचा स्टार्टर बिघडला तर स्वतः खोलून बघते. मग म्हणतात, बाप असावा तर असा. त्या घरातल्या सविताचं नाव मात्र कुणी काढत नाही. आपल्याबद्दल सांगण्यासारखं काही आहे, असं तिला स्वतःलाही बरीच वर्षं वाटलं नव्हतं.

सविता मूळची इगतपुरीची. वडील रेल्वेत रुळांवर कामाला होते. तिथला पाऊस असा की चार महिने अंगावरचे कपडे अंगावरच वाळवायचे. वडिलांची एक उंच काळी सायकल होती. सविता नऊ वर्षांची असल्यापासून ती कैची चालवायची, म्हणजे दांडीखालून पाय घालून, एका बाजूला लोंबकळत. पुढं सीटवर बसून पाय पोचायला लागले तेव्हा उताराला हात सोडायची. आई घरातून ओरडायची आणि वडील म्हणायचे, पडली तर उठेल. पडायचीही. उठायचीही. बारावी झाली आणि दोन हजार चार साली तिचं लग्न होऊन ती सायखेड्याला आली. सायकल माहेरीच राहिली.

धनराज वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगायला हवं. दारू नाही, पत्ते नाहीत. चार एकर मळा, त्यात टोमॅटो, कांदा, थोडी द्राक्षं, आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत तो मळ्यातच. लग्नानंतरच्या दसऱ्याला त्यानं नवी मोटारसायकल घेतली. सवितानं तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि त्याच दिवशी दुपारी विचारलं, मला शिकवाल का. त्याला गंमत वाटली. मळ्याच्या रस्त्याला नेऊन त्यानं तिला पुढं बसवलं. सविताचा तोल चांगला होता, पण क्लच नावाचा प्रकार तिला माहीत नव्हता. तिनं तो एकदम सोडला, गाडीनं उडी मारली आणि सविता गाडीसकट शेजारच्या मक्यात गेली.

धनराज धावत आला. त्यानं आधी गाडी उचलली. टाकीवरचा चिखल रुमालानं पुसला, इंडिकेटर लावून बघितला. मग सविताकडं वळला. तिचा गुडघा सोलला होता आणि बांगड्या फुटून मनगटात काच गेली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझं काम नाय हे."

ती गोष्ट तो पुढं लग्नात, बारशात, कुठंही चार माणसं जमली की सांगायचा. आमची मंडळी गाडीवर बसून मका खायला गेली, अशी सुरुवात करायचा. माणसं पोट धरून हसायची. सविता चहाचे कप घेऊन यायची आणि तीही हसायची. हसली नसती तर रुसली म्हणाले असते.

तिनं परत कधी विचारलं नाही. मळा दोन किलोमीटरवर, तिथं ती डोक्यावर पाटी घेऊन चालत जायची. माहेरी जायचं तर चांदोरीच्या फाट्यापर्यंत कुणी तरी सोडायला लागायचं. साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसून राहायची. कधी धनराज यायचा, कधी मळ्यातल्या कामात विसरून जायचा. वडील आजारी होते तेव्हाही ती एकदा अशीच दुपारपर्यंत बसून होती. आयुष्यातली किती वर्षं आपण ओट्यावर काढली, हा हिशोब तिनं तेव्हा केला नव्हता. सगळ्याच बायका बसायच्या, त्यात वेगळं काय.

लग्नाला वर्ष झालं आणि तेजल जन्मली. बाळंतपण अवघड गेलं. यापुढं मूल नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. सविताची सासू अक्काबाई महिनाभर भिंतीकडं तोंड करून बोलत होती की घराण्याला दिवा नाही. तेव्हा धनराज म्हणाला होता, "दिवा लागलाय की. पोरगी काय मेणबत्ती हाय का?" त्या एका वाक्यावर सवितानं त्याचं सगळं माफ केलं होतं. त्याचं पोरीवरचं प्रेम खोटं नव्हतं, आधीही आणि नंतरही.

पण पोरगी वाढवली ती सवितानं. पोरीच्या जातीनं मोठ्यानं हसू नये, असं म्हणणाऱ्या शेजारणीला तिनं दारातून परत पाठवलं होतं. तेजलला पाळी आली तेव्हा तिला बाजूला बसवायचं म्हणून अक्काबाईनं घर डोक्यावर घेतलं. सवितानं तेजलला हाताला धरून चुलीपुढं आणलं, ताट वाढलं आणि सासूशी चार दिवस अबोला सोसला. शाळेत कबड्डीला नाव घालायचं होतं तेव्हा अर्जावर सही तिची होती. या कुठल्याच गोष्टीचा कुणी फोटो काढला नाही. काढण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

तेजल सोळा वर्षांची झाली तेव्हा धनराजनं तिला मळ्यात ट्रॅक्टर शिकवायला घेतलं. त्या दिवशी सविता भाकरी घेऊन बांधावर पोचली तेव्हा तेजल स्टिअरिंगवर होती आणि धनराज शेजारी उभा राहून सांगत होता. तेजलनं गिअर बदलताना घोटाळा केला. ट्रॅक्टर मागं सरकला, ठिबकच्या दोन नळ्या फुटल्या, आणि मागचं चाक फाटकाच्या सिमेंटच्या खांबाला लागलं. खांब आडवा झाला. सविता थबकली. आता हा ओरडणार, तिला वाटलं.

धनराजनं खांबाकडं बघितलंसुद्धा नाही. तेजलच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होतं गं. घे परत. हळूच."

सविता पाटी घेऊन बांधावरच उभी राहिली. त्याच्या गळ्यात इतका मऊ आवाज आहे, हे तिला सतरा वर्षं माहीत नव्हतं. म्हणजे येत होतं याला. धीर धरता येत होता, समजावून सांगता येत होतं, नुकसान झालं तरी माणसाकडं आधी बघता येत होतं. हे सगळं त्याच्याकडं पहिल्यापासून होतं. तिला मिळालं नव्हतं, एवढंच.

तिनं भाकरीचं फडकं सोडलं, पाणी दिलं आणि परत निघाली. वाटेत तिच्या लक्षात आलं की तिला नवऱ्याचा राग येत नव्हता. त्याच्यापाशी राग पोचतच नव्हता, अलीकडंच कुठं तरी अडकत होता. तेजलचा तो घामेजलेला, हसरा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. तिला पोरीचा हेवा वाटत होता.

सवतीचा हेवा सांगता येतो. जावेचा तर सगळ्या गल्लीला सांगता येतो, उलट चार बायका आपल्या बाजूनं बोलतात. पोटच्या पोरीचा हेवा कुणापुढं मांडणार? सवितानं तो मनातच ठेवला, आणि ठेवलेल्या जागी तो वाढत गेला.

तेजल पिकअप शिकली. अठरा झाल्या झाल्या लायसन काढलं. कॉलेजला बापाची मोटारसायकल घेऊन जायला लागली. संध्याकाळी बापलेक अंगणात बसून इंजिन ऑइलवर बोलायचे आणि सविता आतून ऐकायची. बोलण्यात शिरायला तिच्याकडं शब्दच नव्हते. मग ती वेगळ्या वाटेनं शिरायला लागली. तेजल नुकती घरी आलेली असली की हाक मारायची, पीठ मळायला बस. भाकरी कातरली की म्हणायची, गाडीचं चाक गोल दिसतं तुला, भाकरी दिसत नाही. एकदा तव्याचा चटका बसून तेजलचं बोट भाजलं, तर सविता म्हणून गेली, "भाजू दे. सासरी गेल्यावर ट्रॅक्टर नाय येणार मदतीला."

हे बोलणं ऐकून अक्काबाईनं माळ ओढायची थांबवली आणि सुनेकडं कौतुकानं बघितलं. इतक्या वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. सविताला स्वतःची शिसारी आली, पण दुसऱ्या दिवशी तिनं परत तेच केलं.

मार्चमध्ये महिला दिनाला ग्रामपंचायतीनं कार्यक्रम ठेवला. धनराजचा 'आदर्श पिता' म्हणून सत्कार होता. उपसरपंच कारभारी आण्णांनी स्वतः घरी येऊन निमंत्रण दिलं. मंडपात बायकांच्या तिसऱ्या रांगेत सविता बसली. धनराजला शाल घातली, नारळ दिला आणि चार शब्द बोलायला सांगितलं. तो बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी चांगला बोलला.

"मी पोरगा-पोरगी असं कधी केलं नाय," तो म्हणाला. "बाईमाणसाला येत नाय असं काय नसतं. तिला शिकवणारं माणूस पाहिजे फक्त."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईनं सविताला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, नशीब काढलंस बाई. सविताचे हात टाळीसाठी वर आले आणि तसेच राहिले. मग कुणीतरी तिलाही फोटोला वर बोलावलं. ती गेली. फोटोवाल्या पोरानं बापलेकीला जवळ उभं केलं आणि म्हणाला, काकू, ती शाल आणि नारळ तुम्ही धरा, म्हणजे त्यांचे हात मोकळे होतील. अन् जरा बाजूला. सविता बाजूला झाली. तो फोटो दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर आला. त्यात कडेला तिच्या साडीचा काठ तेवढा दिसत होता.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, टोमॅटोचा हंगाम सुरू झाला होता तेव्हा, ती गोष्ट घडली.

फवारणीचा ड्रोन चालवायला शिकवणारं एक शिबिर नगरकडं होतं. पंधरा दिवसांचं, राहण्याजेवणासह. तेजलनं कॉलेजातून अर्ज भरला होता. घरी सगळ्यांना सांगितलं होतं, धनराज तर गावभर सांगत सुटला होता. तासाला फोन बंद ठेवावा लागतो म्हणून तेजलनं अर्जावर आईचा नंबर दिला होता. एका सकाळी सविता पीठ मळत असताना फोन वाजला. शिबिराच्या तृप्ती मॅडम बोलत होत्या. आवाज तरतरीत होता. तेजलची निवड झाली आहे, म्हणाल्या. पूर्ण तालुक्यातून दोनच मुली आहेत. पालक म्हणून तुमचा होकार लागतो, पाठवणार ना?

सवितानं फोन दुसऱ्या कानाला धरला. मॅडमनी परत विचारलं. घरात कुणी नव्हतं. अक्काबाई देवळात गेली होती.

"नाय," सविता म्हणाली. "आमच्यात पोरींना असं बाहेर ठेवत नाहीत."

मॅडमनी थोडं समजावून बघितलं. मग बरं म्हणून फोन ठेवला. फोनवर पिठाची बोटं उमटली होती. सविता ती पदरानं पुसत राहिली. असलं वाक्य या घरात अक्काबाईसुद्धा बोलली नव्हती. ते तिच्या स्वतःच्या तोंडातून आलं होतं, आणि बोलताना क्षणभर बरं वाटलं होतं. ते बरं वाटणंच तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

यादी लागली. तेजलचं नाव नव्हतं. तिनं आकांडतांडव केलं नाही. धनराज तिच्याजवळ बसला, पुढच्या वेळी होईल म्हणाला. तेजल हो म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती मळ्यात गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सकाळी सविता उठली तर तेजल आधीच परातीपुढं बसून भाकरी थापत होती. भाकरी गोल होती.

"तू का उठलीस एवढ्या लवकर?" सवितानं विचारलं.

"तुझं बरोबर हाय मम्मी," तेजल भाकरीवरची नजर न काढता म्हणाली. "ट्रॅक्टर हाकला म्हणून काय होतं? गावात टाळ्या मिळतात. बाहेर गेलं की शेवटी पोरगीच असते आपण."

सविताला हवं होतं ते हेच होतं. पोरगी चुलीपुढं बसली होती, खाली मान घालून, अगदी तिच्यासारखी. तिच्या मनाला गार वाटायला हवं होतं. उलट तिला अशी भीती वाटली की तिनं तवा उतरवून ठेवला आणि परसात जाऊन उभी राहिली. एकोणीस वर्षं जे एकेक करून पोरीच्या अंगावरून झटकलं होतं, ते सगळं तिनं स्वतःच्या हातानं परत पोरीवर घातलं होतं.

दोन दिवसांनी धनराजला ताप आला. टोमॅटोचे क्रेट भरून तयार होते आणि पिंपळगावला माल पोचवायचा होता. तेजल एकटी जाते म्हणाली. सविता म्हणाली, मी येते सोबत. ती पहिल्यांदाच पोरीच्या शेजारी बसली. तेजलचे हात स्टिअरिंगवर सैल होते, आरशात बघायची तेव्हा मान न वळता नुसते डोळे फिरायचे. सविता त्या हातांकडं बघत होती आणि त्याही वेळी तिच्या मनात ते टोचलंच. चांगलं चालवते, असं वाटायच्या आधी टोचलं.

सायखेडा मागं पडल्यावर ती म्हणाली, "तेजल, तुझं नाव लागलं होतं शिबिराला. त्या मॅडमचा फोन आला होता. मीच नाय म्हणून सांगितलं."

तेजलनं गाडी एका द्राक्षाच्या बागेशेजारी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मागून येणारी दोन वाहनं हॉर्न देऊन गेली.

"कशाला?" तिनं विचारलं.

"हेवा वाटला."

"माझा?"

"तुझा. तुझे पप्पा तुला शिकवतात त्याचा. मला नाय शिकवलं त्यांनी. मला शिकायची होती गाडी."

तेजलनं हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "मग पप्पांवर चिडायचं ना. माझ्यावर का?"

"तुझ्यावर चिडणं सोपं होतं," सविता म्हणाली.

तेजलनं गाडी सुरू केली, माल उतरवला, परत आली. पुढचे आठ दिवस ती आईशी कामापुरतं बोलली. वाढलेलं जेवली, पण भाकरी थापायला बसली नाही, आणि मळ्यात जायला लागली. सविताला या दोन्ही गोष्टींचं बरं वाटलं. माफ केलं, असं तेजलनं तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हटलेलं नाही. सवितानं मागितलंही नाही.

तिनं दुसरं एक काम केलं. तृप्ती मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, आमच्यात असं काही नसतं, मीच खोटं बोलले, पोरीचा दोष नाही. मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या, पुढची तुकडी फेब्रुवारीत आहे, अर्ज परत भरावा लागेल, निवडीचं सांगता येणार नाही. सवितानं ते तेजलला जसंच्या तसं सांगितलं.

धनराजचा ताप उतरला, तो मळ्यात जायला लागला. एका दुपारी तो लिंबाखाली जेवत असताना सविता समोर बसली आणि तिनं विचारलं, मला गाडी का नाही शिकवली. त्याला आधी प्रश्नच कळला नाही.

"शिकवत होतो की," तो म्हणाला. "तूच परत कधी म्हणली नाय."

"मी मक्यात पडले तेव्हा तुम्ही आधी गाडी उचलली."

"कोणता मका?"

"वीस वर्षं ज्याची गोष्ट सांगताय तो."

धनराजचा घास हातातच राहिला. उरलेली भाकरी फडक्यात बांधून तो पाणी भरायला गेला. सविताला वाटलं, झालं, आता हे इथंच मिटलं. पण चार दिवसांनी तो फवारणीच्या पंपाचा नोझल साफ करत बसला होता, तेव्हा आपणहूनच बोलला. मान वर केली नाही.

"बायकोला गाडी शिकवली असती तर गाव मला हसलं असतं," तो म्हणाला. "पोरीला शिकवली तर शाल देतं. तुला खरं सांगतो सविता, मी याच्यावर कधी विचारच केला नव्हता." थोड्या वेळानं म्हणाला, "उद्यापासनं शिकवतो. बस गाडीवर."

"नको," सविता म्हणाली. "तुमच्याकडून नको."

ती रागानं म्हणाली नाही. पण त्याच्याकडून शिकायचं म्हणजे आयुष्यभर त्याच्या कौतुकात भर घालायची, हे तिला दिसत होतं. आदर्श पित्यावरून तो आदर्श पती झाला असता, आणि नारळ धरायला परत तीच.

निफाडला बायकांसाठी स्कूटी शिकवणारा एक क्लास होता. सविता आठवड्यातून तीन दिवस रिक्षानं जायला लागली. शिकवणारा महेश पंचवीस वर्षांचा, सगळ्यांना काकू म्हणायचा. मैदानात एक अंगणवाडीच्या बाई होत्या, एक नुकतंच लग्न झालेली मुलगी होती, एक शिक्षिका होती जिच्या नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. सगळ्याजणी पडायच्या. सविता पहिल्या दिवशी दोनदा पडली, तिसऱ्या दिवसानंतर पडली नाही. महेशनं विचारलं, आधी चालवली होती का. सविता म्हणाली, सायकल, कैची. त्याला कैची म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिनं हातवारे करून दाखवलं तेव्हा सगळ्याजणी हसल्या आणि अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, मी पण.

गावात व्हायचं ते झालं. चहाच्या टपरीवर कुणी तरी धनराजला म्हणालं, आता अक्काबाईला तरी कशाला मागं ठेवतो, तिला पण एक घे. धनराज घरी आला तो तोंड पाडून. न जेवता झोपला. म्हणजे त्याची भीती खरीच होती, गाव हसलंच. सविताला त्याची दया आली, पण दुसऱ्या दिवशी ती क्लासला गेली. दिवाळीनंतर तिला लायसन मिळालं आणि भिशी लागली तेव्हा तिनं एक जुनी निळी स्कूटी घेतली. अक्काबाई दोन आठवडे त्या गाडीकडं पाठ करून बसली. मग एका गुरुवारी म्हणाली, देवळापर्यंत सोडतेस का.

तेजलनं अर्ज परत भरला होता. जानेवारीच्या शेवटी फोन आला, या वेळी तेजलच्या नंबरवर. निवड झाली होती. धनराज म्हणाला, निफाडच्या स्टँडवर मी सोडतो. तेजल म्हणाली, मम्मी सोडेल. सवितानं मान वर करून पोरीकडं बघितलं, पण तेजल बॅगेची चेन ओढत होती.

निघायच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. निफाडची थंडी हाडात शिरते. सविता कानाला मफलर बांधून पुढं आणि तेजल बॅग मांडीवर घेऊन मागं. वाटभर तेजल सूचना करत होती. खड्डा हाय. समोरून उसाची गाडी येतेय, साइड दे. ब्रेक एकदम नको दाबू. सविताला राग यायला लागला. मग तिच्या लक्षात आलं की पोरगी घाबरलेली आहे, आईच्या मागं बसायची तिला सवय नाही.

"गप बस," सविता म्हणाली. "नाय तर उतर अन् चालत जा."

मागं तेजल हसली. पाच-सहा महिन्यांत सवितानं तिचं हसू इतक्या जवळून ऐकलं नव्हतं.

बस आली. तेजल खिडकीशी बसली आणि काच सरकवून म्हणाली, "मम्मी, तिकडनं व्हिडिओ पाठवते. बघशील ना?"

"बघेन," सविता म्हणाली. आणि खरं तेही सांगून टाकलं, "पण टोचेल मला जरा."

"माहितीये," तेजल म्हणाली.

बस गेली. सविता स्टँडबाहेर येऊन स्कूटीपाशी उभी राहिली. एकोणिसाव्या वर्षी ही पोरगी पंधरा दिवस अनोळखी गावात राहणार, आकाशात यंत्र उडवणार. आपण एकोणीस वर्षांच्या होतो तेव्हा आपलं लग्न ठरत होतं आणि आपण चहाचा ट्रे घेऊन उभ्या होतो. ते टोचणं अजून जागेवर होतं. कधी जाईल असं तिला आता वाटत नव्हतं. पण ते पोरीवर टाकायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं, आणि ठरवलेलं बहुतेक दिवशी पाळता येत होतं.

रस्त्यातल्या पंपावर तिनं गाडी रांगेत लावली. पुढं मागं सगळे पुरुष होते. नंबर आला तेव्हा पंपावरच्या माणसानं पाइप हातात घेत विचारलं, काकू, कितीचं? एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "फुल्ल."

घरी भाकरी व्हायच्या होत्या. धनराजला आता दोन-तीन येतात, जाड होतात पण येतात. सवितानं फोन करून त्याला सांगितलं की थापून घ्या, मला उशीर होईल. कुठं चाललीस, त्यानं विचारलं. कुठं नाही, ती म्हणाली, आणि सायखेड्याचा फाटा सोडून सरळ पुढं गेली.